सासूबाईंचा डावा गुडघा

जयपूरला आम्ही पहिल्यांदा जे घर भाड्याने घेतलं ते किशनपोल बाजाराच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि बाहेर सज्जा. पण घरापेक्षा जास्त लक्षात राहिला आहे तो त्याचा जिना. दगडी, काळोखा, एका वेळी एकच माणूस जाईल एवढा अरुंद, आणि पायऱ्या इतक्या उंच की त्या बांधणाऱ्याचे पाय केवढे असतील असा विचार मी येता-जाता करत असे. कठडा नव्हता. वरून एक जाड दोर सोडलेला होता, किती तरी हातांनी धरून गुळगुळीत झालेला. तो धरून चढायचं आणि तोच धरून उतरायचं. आमच्या मजल्यावरून असाच एक जिना वर गच्चीवर जात असे.

हे केंद्र सरकारच्या एका कचेरीत होते. ह्यांची जयपूरला बदली झाली तेव्हा पन्नासचं दशक संपत आलं होतं आणि आमच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. सासरे लग्नाआधीच गेलेले. थोरले दीर आणि जाऊ अकोल्याला. सासूबाई आमच्याबरोबर आल्या. 'धाकट्याचा संसार मांडून देते आणि परत येते,' असं त्या अकोल्याच्या स्टेशनावर पोचवायला आलेल्या प्रत्येकाला सांगून निघाल्या होत्या. संसार मांडून झाला तरी परत जायचं नाव त्यांनी काढलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

ह्यांच्या घराण्यात एक रीत होती. घरात सून आली की सासूने तिच्या हातात पळी द्यायची आणि चुलीजवळून कायमचं उठायचं. सासूबाईंच्या सासूने ती पळी त्यांच्या हातात दिली तेव्हा त्या सोळा-सतरा वर्षांच्या असतील. तेव्हापासून त्या उभ्या होत्या. थोरली सून आली तर ती शाळामास्तरीण निघाली, सकाळी डबा घेऊन बाहेर पडणारी, त्यामुळे पळी परत सासूबाईंकडेच राहिली. मी आले तेव्हा कुठे त्यांची पाळी आली. जयपूरच्या घरात सामान लागलं त्या दिवशी त्यांनी पळी माझ्या हातात दिली, पलंगावर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "झालं बाई. आता तू आणि तुझी शेगडी."

मला माझ्या आईनेही निघताना बजावलं होतं, की सासूबाईंना इकडची काडी तिकडे करू देऊ नकोस. मी फारशी आज्ञाधारक मुलगी नव्हते, पण ही आज्ञा मी मनापासून पाळली, कारण त्यात माझा फायदा होता. मी पुण्याकडची. आमटीत गुळाचा खडा पडला नाही तर मला ती आमटी वाटत नाही. सासूबाई वऱ्हाडातल्या, त्यांना आमटीतला गूळ दिसला की कपाळाला आठ्या पडत. त्या पलंगावर आणि मी शेगडीपाशी, अशी वाटणी मला चांगलीच मानवली. पाण्याचा पेलासुद्धा मी त्यांच्या हातात नेऊन देत असे. शेजारपाजारी माझं कौतुक होई.

पहिल्या हिवाळ्यात त्या रोज गच्चीवर जात. घरमालक आमच्या खालच्या मजल्यावर राहत. त्यांची आई, जिला सगळे मांजी म्हणत, थंडीत सकाळी गच्चीवर मंगोड्या वाळत घालायला येई. मंगोडी म्हणजे आपला मुगाचा सांडगाच, पण असं सासूबाईंना म्हणून बघायचं नाही. त्यांच्या मते मंगोडीत मिरची नसते, आणि मांजींच्या मते सांडग्यात मिरचीशिवाय काही नसतं. सासूबाईंचं हिंदी म्हणजे मराठीच, फक्त शेवटी 'है' लावलेलं. मांजी तर हिंदीच्याही वाटेला जात नसत, थेट तिथलीच बोली बोलत. तरी दोघी तासन् तास उन्हात बसून बोलत आणि दोघींना सगळं समजे. सकाळी जिन्यातून हाक यायची, "आओ सा, तावड़ो चोखो छै." म्हणजे, या, ऊन छान पडलंय. हाक आली की सासूबाई दोर धरून वर.

दुसऱ्या वर्षी त्यांचे गुडघे धरायला लागले. डावा जास्त. सकाळी उठल्यावर पाय सरळ करायला वेळ लागे, उठताना कमरेत कळ येई, मग त्या पलंगाची कड धरून थोडा वेळ तशाच वाकून उभ्या राहत. ह्यांनी तेलं आणली, मी ती चोळली. कोणी लेप सांगितला, कोणी काढा. पण सांगणारा प्रत्येक जण शेवटी एक गोष्ट मात्र न चुकता सांगे, की त्यांना आराम द्या. म्हणून दुखणं वाढलं की मी त्यांच्या हातातून आणखी एक काम काढून घेई. आधी भाजी निवडणं गेलं, मग पूजेची भांडी, मग स्वतःचं अंथरूण घालणं. काढून घेण्यासारखं काही उरलं नाही तोवर पावसाळा आला होता, आणि सासूबाईंचं खाली उतरणं पूर्ण बंद झालं होतं. गच्ची तर कधीच सुटली होती. मांजी जिन्यातून हाक मारत आणि ह्या आतून "नहीं आता है" म्हणत.

ह्यांनी अकोल्याला कळवलं, की आईला हा जिना झेपत नाही, तुमचं घर तळमजल्यावर आहे, तर तिला तिकडे न्यावं. भाऊजींचं उत्तर आलं की आत्ता तर रजा मिळणार नाही, संक्रांतीला येतो, तोवर सांभाळून घ्या. सासूबाईंना हे समजलं. दुपारी हे कचेरीत असताना त्या मला म्हणाल्या, "तिथं दिवसभर घरात कोणी नसते. थोरली शाळेत, पोरं शाळेत. समोर भिंत आणि मी. मी तिथं एकदा बसले का पुन्हा उठत नाही, बघून घे तू."

मी त्यांचे पाय चेपायला लागले. आता आठवलं की हसू येतं, कारण तेव्हा मला दुसरं काही येतच नव्हतं.

जयपुरात तेव्हा मराठी कुटुंबं मोजकीच होती, कोणी आमच्यासारखी बदलीची, कोणी छावणीतली. भाद्रपदात सगळी मिळून एक गणपती बसवत. सासूबाईंना तिथे जायचंच होतं. ह्यांनी आणि घरमालकांनी त्यांना खुर्चीत बसवून जिन्यातून खाली आणलं. सासूबाई खुर्चीतून दोघांना सूचना देत होत्या आणि खाली मांजी हात जोडून उभ्या होत्या, त्यामुळे मिरवणूक आमच्या घरूनच निघाल्यासारखं झालं.

त्या गणपतीत फौजेतले एक मराठी डॉक्टर येत, हुद्द्याने मेजर. प्रसाद हातात पडायच्या आत त्यांना कोणाचा तरी खोकला ऐकावा लागे. सासूबाईंचा नंबर लागला तेव्हा ते म्हणाले, "इथे नको. रविवारी घरी येतो. मला तुमचा जिना बघायचाय."

रविवारी ते खरंच आले. सासूबाईंना उभं केलं, चालायला लावलं, पलंगावर निजवून दोन्ही पाय दुमडून, सरळ करून पाहिले. मांड्या दाबून पाहिल्या. मग मला विचारलं, "ह्या दिवसभर काय काय करतात?"

मी अभिमानाने सांगितलं, "काही नाही. मी त्यांना काहीच करू देत नाही."

"तेच बंद करा," मेजर म्हणाले.

मला राग आला. घरात पाहुणा म्हणून आलेला माणूस, माझ्या हातचा चहा पिऊन मला असं सांगतो. पण ते सासूबाईंकडे वळून शांतपणे समजावून सांगत होते. गुडघ्यातलं हाड वयाने थोडं झिजलंय, ते काही भरून यायचं नाही. पण गुडघ्याला जागेवर धरून ठेवतात ते मांडीचे स्नायू, आणि ते मात्र बसून बसून वाळलेत. कमरेचंही तसंच. ते पुन्हा उभे राहतील, पण काम दिलं तर. गोळ्या मी लिहून देत नाही. हिंडाफिरा, शेकून घ्या, सांगतो तो व्यायाम करा, वजन थोडं उतरवा, आणि जमिनीवर बसणं सोडा. पलंग, पाट, शेगडी, सगळं उंच करा.

"संक्रांतीपर्यंत मी जिना चढेन?" सासूबाईंनी विचारलं.

"घरातली कामं परत हातात घेतलीत तर गच्चीसुद्धा चढाल."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी शेगडीकडे पाहिलं. औषधाची किंमत कोणाला द्यावी लागणार हे आम्हां दोघींनाही त्याच क्षणी कळलं.

दुसऱ्या दिवसापासून आमचं घर हातभर वर उचललं गेलं. बदलीवाल्यांच्या घरात एका गोष्टीला तोटा नसतो, ती म्हणजे लाकडी खोकी. सामान भरायची ती खोकी आम्ही पुढच्या बदलीसाठी जपून ठेवलेली होती. दोन खोकी एकावर एक ठेवून, वर पत्रा ठोकून त्यावर शेगडी गेली. पलंगाच्या पायांखाली विटा गेल्या. एका खोक्यावर गादी टाकून सासूबाईंची जेवायची बैठक झाली. त्या उंचावर आणि आम्ही खाली पाटांवर, त्यामुळे आमच्या ताटात कोणी काय टाकलंय ते त्यांना वरून स्वच्छ दिसे. सुताराकडून संडासात ठेवायला भोकाचं एक स्टूल करून आणलं. ते जिन्यातून वर येत असताना मांजींनी 'हे काय' म्हणून विचारलं आणि ह्यांनी लाजून 'कुंडी ठेवायचं स्टूल आहे' असं सांगितलं. महिन्याभराने मांजींनी स्वतःसाठी तसंच करून घेतलं, म्हणजे त्यांना पहिल्यापासून कळलं होतं.

व्यायामाचा प्रकार वेगळाच. पलंगावर उताणं निजायचं, गुडघ्याखाली टॉवेलची वळकटी ठेवायची, ती गुडघ्याने दाबायची. मग पाय सरळ ठेवून वर उचलायचा आणि तसाच धरून मनात आकडे मोजायचे. सासूबाईंना आकडे पसंत पडले नाहीत. आकडे म्हणता म्हणता माझं ध्यान धोब्याच्या कपड्यांकडे जाते, म्हणाल्या. त्याऐवजी त्या पाय वर धरून सासरच्या माणसांची नावं म्हणायला लागल्या. स्वतःच्या सासऱ्यांपासून सुरुवात, मग दीर, जावा, नणंदा, त्यांची मुलं. एका नणंदेचं त्यांच्याशी कधी पटलं नव्हतं, तिचं नाव त्या इतक्या घाईने उरकत की पाय हलायचा. माझं नाव सगळ्यांत शेवटी. तोवर मांडी थरथरायला लागलेली असे, आणि अर्ध्या नावावरच पाय खाली येई. मी एकदा तक्रार केली. तेव्हा त्या म्हणाल्या, "ताकद आली का पुरं नाव घेईन."

मेजरांनी जिन्याची एक युक्ती शिकवली होती. चढताना चांगला पाय आधी टाकायचा, उतरताना दुखरा आधी. सासूबाईंना ती नीट लक्षात राहीना. एकदा अर्ध्या जिन्यात अडकल्या, ना वर ना खाली. मीच मग म्हटलं, "आई, तुमचा उजवा चांगला आहे ना. मग घरात शिरणाऱ्या नव्या नवरीसारखं, वर येताना उजवं पाऊल आधी." ते त्यांना एकदम पटलं. पुढे कधी चुकल्या नाहीत. जिन्यात पाय टाकताना पदरसुद्धा सावरून घेत, जणू उंबरठ्यावर माप ठेवलंय.

हे सगळं ठीक होतं, पण त्यांचं स्वयंपाकघरात येणं मला जड गेलं हे खरं आहे. त्या उभ्या राहून फोडणी घालायला लागल्या आणि आमच्या आमटीतला गूळ त्याच दिवशी संपला. माझे डबे त्यांनी स्वतःच्या सोयीने लावले. मी मीठ शोधत बसले की त्या "तिथंच तर आहे" म्हणत, आणि ते तिथे नसे. खाली भाजीवाला आला की त्या आता स्वतः उतरत, आणि दहा मिनिटं 'भैया, ये वांगा कालचा है' अशी घासाघीस करून नेमकी मला न आवडणारी भाजी घेऊन वर येत. वर येताना मात्र उजवं पाऊल आधी. एका संध्याकाळी मी ह्यांना वैतागून म्हटलं, "तुमच्या आईचे गुडघे बरे झाले आणि माझी शेगडी गेली." हे हसले. दाराआड सासूबाई होत्या. त्यांनी ऐकलं, हे मला त्यांच्या बांगड्यांच्या आवाजावरून कळलं. त्या आल्या, कोथिंबीर घेतली आणि गेल्या.

दिवाळीनंतर एक मोठी आपत्ती आली. अंगात जरा बळ आलं तशा सासूबाई चेकाळल्या. आम्ही दोघं बाहेर गेलो असताना खोक्यावरचा जड पाटा-वरवंटा त्यांनी एकटीने खाली उतरवला, आणि खाली बसून चटणी वाटली. आम्ही आलो तेव्हा त्या पाट्यापाशीच बसून होत्या, कंबर धरलेली, उठता येत नव्हतं. चटणी मात्र बारीक वाटलेली होती. पलंगावर निजवल्यावर त्या पहिल्यांदाच रडल्या. "झालं. आता अकोलाच," म्हणाल्या.

मेजर आले. मला वाटलं आता ओरडतील. पण म्हणाले, एक-दोन दिवस बेताने घ्या, शेका, पण पडून राहू नका, जमेल तेवढं घरातल्या घरात चाला. दुखलं म्हणजे मोडलं असं नाही. सासूबाईंचा विश्वास बसला नाही. तेव्हा मांजी वर आल्या. त्यांनी हातात एक पुरचुंडी आणली होती. आत वाळू, तव्यावर गरम केलेली. जयपुरात वाळूला काय तोटा. कमरेला ती पुरचुंडी लावून मांजी तिथेच बसल्या आणि त्यांनी सासूबाईंना त्यांच्या बोलीत चांगलंच झापलं. मला त्यातलं थोडंच कळलं. सासूबाईंना सगळं कळलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भिंतीला धरून सज्ज्यापर्यंत गेल्या, आणि तिसऱ्या दिवशी टॉवेलची वळकटी मागितली.

मी त्या आठवड्यात त्यांना वाळूने शेकताना एक गोष्ट पाहिली. स्वयंपाकघर पुन्हा माझं एकटीचं झालं होतं. डबे माझ्या मनासारखे, आमटीत गूळ. आणि मला कंटाळा आला होता. 'तिथंच तर आहे' म्हणणारं कोणी नव्हतं. मला ह्या बाई आवडायला लागल्या होत्या, आणि त्या जाऊ नयेत असं मला वाटत होतं. पण हे सासूला तोंडावर सांगायची पद्धत आमच्याकडे नव्हती, म्हणून मी वाळू जरा जास्त गरम केली आणि त्यांनी मला "भाजतेस का" म्हणून विचारलं.

पौषातली कडाक्याची थंडी पडली आणि एक दिवस सकाळी जिन्यातून हाक आली, "आओ सा." सासूबाई उठल्या, शाल घेतली, दोर धरला. मी मागे उभी राहिले. मध्ये त्या दोनदा थांबल्या, पण बसल्या नाहीत. वर पोचल्यावर त्यांनी आधी मांजींच्या मंगोड्या पाहिल्या आणि म्हणाल्या, "ये पतला हुआ है." त्या दिवशी गच्चीवरून उतरायला त्यांनी दुपार केली.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भाऊजी आले. आजारी आईला न्यायचं म्हणून ते गादी, उशी, थर्मास असं सगळं घेऊन आले होते. जिना चढता चढता त्यांनाच दम लागला. वर येऊन पाहतात तर आई शेगडीपाशी उभी, तव्यावर ज्वारीची भाकरी फुगलेली. भाऊजींना इतका आनंद झाला की ते बूट न काढताच आत आले. जेवताना ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "आईच्या हातचं असं खाऊन किती दिवस झाले." मग सहज बोलल्यासारखं म्हणाले, "आई, आता तर तू अगदी ठणठणीत आहेस. आता चलच. हिची शाळा, पोरांचे डबे, घरात नुसती धावपळ. तू आलीस की सगळं मार्गी लागेल."

त्यात त्यांचं काही वाईट नव्हतं. आई बरी झाली, आता घरी यावी, एवढंच त्यांचं म्हणणं. पण माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. ह्या बरं होण्यासाठी झटल्या त्या इथे राहता यावं म्हणून, आणि बऱ्या झाल्या म्हणूनच आता निघणार होत्या. सासूबाईंनी उंच बैठकीवरून आधी भाऊजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काही बोलू शकत नव्हते. थोरला मुलगा आईला न्यायला आला असताना धाकट्या सुनेने मध्ये तोंड घालायचं नसतं. "बघू," सासूबाई म्हणाल्या.

जयपूरची संक्रांत म्हणजे पतंगांची. सकाळपासून सगळं शहर गच्चीवर असतं आणि सगळीकडून 'वो काटा' ऐकू येत राहतं. आम्हीही तिळाच्या वड्या घेऊन निघालो. पुढे भाऊजी, मागे सासूबाई, मग हे, शेवटी मी. जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर सासूबाई एकाएकी थांबल्या, कण्हल्या आणि दोन्ही हातांनी गुडघा धरून खाली बसल्या.

"काय झालं?" भाऊजी वरून धावत आले.

"काही नाही रे. शेगडीपाशी उभी राहते कशीबशी. पण दुखणं कुठं जाते. हे असंच करते मधून मधून."

मी ह्यांच्या मागून डोकावून पाहिलं. त्यांनी उजवा गुडघा धरला होता.

त्यांच्या गुडघ्यांना जेवढं मी ओळखत होते तेवढं ह्यांनी आपल्या कचेरीला ओळखलं नसेल. उजव्याने त्यांना आजवर कधी त्रास दिला नव्हता. हे भोळेपणाने म्हणायला लागले, "अगं आई, पण तुझा तर डा…" मी खालून ह्यांच्या पोटरीला जोराचा चिमटा काढला.

"भाऊजी," मी म्हटलं, "थंडीत असंच होतं त्यांचं. मी वाळू गरम करून आणते." आणि मी खाली आले, तव्यावर वाळू टाकली आणि ती गरम होईपर्यंत शेगडीपाशी उभी राहून हसत होते. डोळ्यांत पाणी आलं होतं, त्याला कोळशाचा धूर हे कारण तयार होतं.

भाऊजी साधा माणूस. ते फार काळजीत पडले. तिकडे दिवसभर घरात कोणी नसतं, गुडघे असे असताना आईला एकटीला कसं ठेवायचं. इथे निदान मेजर आहेत, सून घरात आहे. दोन दिवस ते आईजवळ बसून होते. त्या दोन दिवसांत सासूबाई कधी उजव्या पायाने लंगडत, कधी डाव्या, आणि मी दर वेळी त्यांनी जो धरला असेल तो गुडघा गंभीरपणे शेकत होते. निघताना भाऊजींनी थर्मास आमच्याकडेच ठेवला, आईला रात्री गरम पाणी लागेल म्हणून. त्यांनी पाया पडताना "मला माफ कर, तुला नेता येत नाही," असं म्हटलं तेव्हा सासूबाईंचा चेहरा पडला. त्यांनी मुलाच्या तोंडावरून हात फिरवला आणि उन्हाळ्यात पोरांना घेऊन ये, आंब्याचं लोणचं करून ठेवते, असं सांगितलं. दुखऱ्या गुडघ्यांनी लोणचं घालता येत नाही, हे भाऊजींच्या ध्यानात आलं नाही.

ह्यांनी त्यांना टांग्यात बसवून स्टेशनावर नेलं. सासूबाई सज्ज्यात उभ्या होत्या. टांगा गल्लीच्या तोंडाशी वळला, दिसेनासा झाला. त्या आत आल्या, सरळ चालत.

"ती वाळू उतरव," म्हणाल्या. "आणि मुगाची डाळ भिजली असेल ती घे. मांजी वाट पाहत असेल."

मी डाळीचं पातेलं घेतलं. जिन्यापाशी मला राहवलं नाही. "आई," मी म्हटलं, "तुम्ही पाय चुकलात. दुखरा तर डावा आहे."

सासूबाईंनी दोर धरला होता. त्या मागे वळल्या.

"मला माझा गुडघा माहीत नाही काय?" त्या म्हणाल्या. "तू काही बोलते का, ते पाहून राहिले होते."

मग त्यांनी पदर सावरला आणि उजवं पाऊल आधी टाकून वर गेल्या.